एका मताचा लढा

‘माझ्या एका मतानें काय होणार?’ असें आपण सहज म्हणतों. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठीं २०१७ सालीं न्यूपोर्ट न्यूज शहरांत शेली सायमंड्स ह्या बाईंनीं विद्यमान सभासद डेव्हिड यान्सी ह्यांना आव्हान दिलें. फेरमोजणींत बाई एका मतानें विजयी ठरल्या. परंतु एका मतपत्रिकेवर दोन्ही नांवांपुढें खुणा होत्या आणि बाईंच्या खुणेवर तिरपी रेघ! मतदाराचें मन ओळखणें सोपें नव्हे. न्यायालयानें तें मत यान्सींना दिलें. दोघांचीं मतें ११,६०८ झालीं. तेथील कायद्याप्रमाणें ४ जानेवारी २०१८ रोजीं भांड्यांतून चिठ्ठी काढली. ती यान्सींची निघाली, आणि त्यांच्या पक्षाचें ५१ विरुद्ध ४९ असें बहुमत टिकलें. बाई पुनः उभ्या राहिल्या, व २०१९ सालीं यान्सींना हरवून निवडून आल्या.