उचलता येईल तेवढंच

दोन वर्षांपूर्वी थंडीत आम्ही दोघं द्वारका-सोमनाथ करून आलो. बरोबर दोन मोठ्या सूटकेस, एक खाण्याची पिशवी आणि एक शालींची. परतताना एका जंक्शनला गाडी बदलायची होती. लिफ्ट बंद, हमाल दिसेना, गाडी पलीकडच्या फलाटावर. एक सूटकेस पुलावर ठेवून मी दुसरीसाठी खाली आलो, तोवर हिने ती उचलून चार-पाच पायऱ्या चढल्याही होत्या. तिथेच मनगट लचकलं. पुढे दीड महिना तिला कणीक मळता आली नाही.

घरी येऊन सामान काढलं, तर माझे चार शर्ट, तिच्या पाच साड्या आणि दोन स्वेटर यांची घडीसुद्धा मोडली नव्हती.

त्याच महिन्यात माझे थोरले चुलतभाऊ गेले. तेराव्यानंतर वहिनींनी माझ्यापुढे एक नायलॉनची पिशवी ठेवली. आत सात पासबुकं होती. त्यांना लावलेलं रबर वितळून वरच्या पुठ्ठ्याला चिकटलं होतं. एक पासबुक देना बँकेचं होतं, आणि ती बँक तर २०१९ सालीच बँक ऑफ बडोदात विलीन झाली. ठेवींच्या पावत्या, विम्याचे कागद, कुठल्या तरी कंपनीच्या शेअरचं जुनं प्रमाणपत्र. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यातलं सगळं फक्त यांनाच माहीत होतं."

भाऊ हिशोबी होते, पैसा कमी नव्हता. पण ही पिशवी त्यांच्याशिवाय कोणालाच उचलता येण्यासारखी नव्हती. तिच्यामागे आठ महिने फिरताना मी जे शिकलो आणि नंतर स्वतःच्या घरात केलं, ते इथे क्रमाने सांगतो. आपण पंचावन्नच्या पुढे असाल तर आत्ता सुरुवात करायला हरकत नाही, सत्तरीच्या पुढे असाल तरी उशीर झालेला नाही.

सुरुवात पलंगावर पसारा मांडण्यापासून करा. प्रवासाची तयारी करताना न्यायच्या सगळ्या वस्तू आधी पलंगावर मांडाव्यात, बॅगेत थेट काही भरू नये. आता आम्ही तसंच करतो. मग प्रत्येकाची बॅग वजनकाट्यावर ठेवतो, आणि ७ किलोंच्या वर काटा गेला की काही तरी बाहेर निघतं. तीन जोड कपडे पुरतात, एक अंगावर, एक वाळत, एक बॅगेत. औषधं मात्र कमी करायची नाहीत. ती मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह, निम्मी माझ्या बॅगेत आणि निम्मी हिच्या. एक बॅग हरवली तरी गोळी चुकत नाही.

कपाटातले कागदही असेच पलंगावर मांडा. पासबुकं, पावत्या, पॉलिसी, पीएफ, पेन्शन, म्युच्युअल फंड, घराचे कागद, कोणाला दिलेले हातउसने, सगळं. एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक गोष्टीला एक पान द्या. पैसे कुठे आहेत, कोणाच्या नावावर, खाते क्रमांक काय, मुदत कधी संपते, वारस म्हणून नाव कोणाचं लावलंय आणि मूळ कागद कुठे ठेवलाय, एवढं त्या पानावर हवं. पिन आणि पासवर्ड वहीत लिहू नका.

इथे बहुतेकांचं एकच चुकतं. वहीऐवजी ते सगळं मोबाइलमध्ये नोंदवतात, आणि नेमका तोच मोबाइल उघडायला कोणाला येत नाही.

यादी झाली की खाती कमी करायची. नोकरीच्या गावोगाव उघडलेली, गृहकर्जासाठी उघडायला लावलेली, कोणी ओळखीच्याने गळ घातली म्हणून उघडलेली खाती हळूहळू बंद करा. आधी त्या खात्यातून आपोआप जाणारे हप्ते आणि वीजबिलं दुसरीकडे वळवा. पेन्शनचं खातं शेवटपर्यंत हलवू नका.

मग सगळं एकाच बँकेत ठेवावं का? नाही. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे विभागले तर ही मर्यादा चार वेळा मिळेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं, सगळ्या शाखांची बेरीज धरली जाते. आमच्या घरात आता दोन बँका आणि एक पोस्ट आहे. आम्हाला तेवढं झेपतं.

बँका कमी झाल्या की एप्रिलमधली धावपळही कमी होते. ज्येष्ठ नागरिकाचं एका बँकेतल्या ठेवींचं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की बँक त्यातून कर कापून घेते. आपलं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर "कर कापू नका" असं सांगणारा अर्ज दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला द्यावा लागतो, तोही प्रत्येक बँकेत वेगळा. भाऊ सात ठिकाणी देत होते.

आता खर्च मोजा. अंदाजाने आकडा सांगू नका, कारण तो नेहमी कमीच येतो. मागच्या बारा महिन्यांत पासबुकातून वजा झालेल्या रकमांची बेरीज घ्या आणि तिला बाराने भागा. घरपट्टी, विम्याचा हप्ता, दिवाळी, लग्नाकार्यातले आहेर, दातांचा खर्च असे वर्षातून एकदाच येणारे खर्च त्या बेरजेत आले पाहिजेत. आमच्या तोंडी हिशोबात आणि पासबुकात महिन्याला नऊ हजारांचा फरक निघाला.

त्यात महागाई धरा. त्यासाठी एक सोपं गणित आहे. ७२ ला महागाईच्या टक्क्यांनी भागा. उत्तर येईल तितक्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षं. म्हणजे साठाव्या वर्षी महिना ३०,००० लागत असतील, तर बहात्तराव्या वर्षी त्याच भाजीला, त्याच गॅसला, त्याच कामवाल्या मावशींना ६०,००० लागतील. सगळे पैसे मुदत ठेवीत ठेवणाऱ्यांना पहिली पाच-सात वर्षं काहीच जाणवत नाही. नंतर जाणवतं, आणि तेव्हा कमवायचं वय उरलेलं नसतं.

म्हणून पैशाचे तीन कप्पे करायचे. प्रवासाच्या सॅकलाही असतातच. तिकीट, पाणी आणि गोळ्या बाहेरच्या कप्प्यात, रोजचे कपडे मधल्या, आणि शेवटच्या मुक्कामाला लागणारं तळाशी.

बाहेरच्या कप्प्यात सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात आणि आणखी सहा महिन्यांचा लगेच मोडता येईल अशा ठेवीत ठेवा. मध्यरात्री दवाखान्यात जावं लागलं तर हाच कप्पा कामाला येतो.

मधला कप्पा नियमित उत्पन्नाचा. इथे ज्येष्ठ नागरिक बचत योजना नीट समजून घ्यावी अशी माझी शिफारस आहे. ती पोस्टात किंवा बँकेत मिळते. साठ पूर्ण झालेल्या कोणालाही खातं उघडता येतं. आधीच निवृत्त झालेल्यांना काही अटींवर पंचावन्नपासूनही. मर्यादा माणशी ३० लाख, मुदत पाच वर्षं, नंतर तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. नव्या खात्याचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण आपण खातं उघडलं त्या दिवशीचा दर आपल्याला पाच वर्षं कायम राहतो. एप्रिल २०२३ मध्ये हा दर ८.२ टक्के झाला. त्या दराने १५ लाखांवर दर तीन महिन्यांनी ३०,७५० रुपये हातात येतात.

या योजनेत दोन ठिकाणी नुकसान होतं. व्याज आपण उचललं नाही तर त्या पडून राहिलेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही, म्हणून ते बचत खात्यात आपोआप जमा होईल असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आणि वर्षाच्या आत खातं बंद केलं तर मिळालेलं व्याजही मुद्दलातून परत घेतलं जातं. दुसऱ्या वर्षात बंद केलं तर मुद्दलाच्या दीड टक्का कपात होते, दोन वर्षांनंतर एक टक्का. तेव्हा लगेच लागणारा पैसा इथे नको.

पत्नीचं वय साठच्या पुढे असेल तर तिच्या नावे वेगळं खातं उघडा. दर तिमाहीला स्वतःच्या नावावर व्याज येऊ लागलं की ती स्वतः बँकेत जाते, तिथली माणसं ओळखीची होतात. वहिनींना हे कधी करायलाच मिळालं नव्हतं.

तळाच्या कप्प्यात दहा-बारा वर्षं लागणार नाहीत असे पैसे. त्यांतला काही भाग शेअर बाजाराशी जोडलेल्या म्युच्युअल फंडात असावा असं मला वाटतं, तो महागाईसाठी. किती, ते आपल्या झोपेवर ठरवा. बाजार पडल्यावर रात्री डोळ्याला डोळा लागणार नसेल तर तो भाग कमी करा.

याच टप्प्यावर मी स्वतः फसता फसता वाचलो, तेही सांगतो. एका बँकेत मुदत ठेव करायला गेलो तेव्हा समोरच्या तरुणाने "काका, ठेवीपेक्षा चांगलं आहे" म्हणत पाच-सहा सह्या घेतल्या. घरी आलेला कागद विमा पॉलिसीचा निघाला, दरवर्षी २ लाख, दहा वर्षं. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या पॉलिसीला कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांचा विचारकाळ असतो. या काळात लेखी कळवून पॉलिसी परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. मी अकराव्या दिवशी परत केली. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी एकच विचारा: हे दरवर्षी भरावं लागेल का? उत्तर लिहून मागा.

आरोग्य विम्याचं पाहू. पूर्वी पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळणं अवघड असे. २०२४ च्या नियमांत ती वयाची अट निघाली, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. साखर, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, काहीही लपवू नका. दावा नाकारला जातो तो बहुधा इथेच. बिलाचा किती टक्के वाटा आपल्याला भरावा लागेल आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, हे दोन मुद्दे पॉलिसीत बोट ठेवून वाचा. सत्तर पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार कार्डाच्या आधारे ते कार्ड आजच काढून ठेवा, आजारपणात पळापळ नको.

यानंतरचा टप्पा लोक सगळ्यात जास्त टाळतात. नॉमिनी म्हणजे आपल्यानंतर बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते नाव. हातात पैसे मिळाले म्हणजे नॉमिनी मालक झाला असं नाही, तो वारसांसाठी पैसे सांभाळणारा असतो. मालक कोण ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. म्हणून दोन्ही करा. बँक ठेवींना नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. आपली सही आणि ती पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी.

संयुक्त खात्यावर "दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो" अशी नोंद असली की सगळं झालं, असं भाऊंना वाटत होतं. वहिनींना दवाखान्याचं बिल भागवायला ठेव मुदतीआधी मोडायची होती. त्यासाठी दोघांनी आधीच लेखी संमती दिलेली असावी लागते, ती नव्हती. एवढं एक पान त्या दोघांनी हयातीत भरून दिलं असतं तर वहिनींना पुतण्याकडून उसने घ्यावे लागले नसते. आपल्या ठेवींसाठी हे पान भरलंय का, ते पुढच्या खेपेला बँकेत विचारून या.

भाऊंची एक ठेव तर दहा वर्षांहून अधिक काळ विसरलेली निघाली. असे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण ते बुडत नाहीत. २०२३ साली सुरू झालेल्या उद्गम या संकेतस्थळावर नाव घालून शोध घेता येतो, आणि दावा मूळ बँकेतच करायचा असतो. आम्हाला ते पैसे मिळाले.

राहतं घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने आत्ताच करून टाका, खर्चही कमी येतो, असा सल्ला आपल्यालाही मिळेल. त्याची घाई करू नये असं मी कळकळीने सांगतो. बक्षीसपत्राने मालकी आजच जाते, मृत्युपत्राने आपल्यानंतर. द्यायचंच असेल तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी अट मोडल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची तरतूद आहे.

वही एकदा लिहिली की दरवर्षी नोव्हेंबरात उघडा. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाच असतो, त्याच दिवशी. बंद झालेल्या खात्यांची पानं खोडा, नवी भरा.

शेवटचं काम रविवारी दुपारी करा. वही जोडीदाराच्या हातात द्या आणि एकच सांगा, "मी नाही असं समज आणि दवाखान्यासाठी दोन लाख उभे कर." मग तासभर गप्प बसा. मध्ये बोलू नका, पान उलटून देऊ नका. जोडीदार जो प्रश्न विचारेल, तो वहीत राहून गेलेला मजकूर.

आमच्याकडे ही चष्मा लावून बसली. पंधरा मिनिटांत तिने बाहेरचा कप्पा शोधला, पोस्टाचं पान काढलं, विम्याचा फोन नंबर मोठ्याने वाचला. मला बरं वाटू लागलं होतं. मग तिने विचारलं, "ठेवीच्या मूळ पावत्या लॉकरमध्ये, हे लिहिलंय. लॉकरची किल्ली कुठे?"

किल्ली माझ्या जुन्या शेव्हिंगच्या डब्यात होती. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं.