वेग विकला जातो, स्थैर्याचे काय?

संगणकीय खेळ खेळावयाचा तर घरात महागडे यंत्र हवेच, हा समज क्लाउड गेमिंगने मोडीत काढला आहे. या पद्धतीत खेळ चालतो तो दूरच्या सर्व्हरवर. खेळणाऱ्याच्या पडद्यावर येते ते केवळ त्याचे चित्र, आणि त्याने दाबलेल्या प्रत्येक कळीचा संदेश उलट दिशेने जातो. जे यंत्र विकत घेण्याची ऐपत नाही ते मासिक वर्गणीत भाड्याने मिळावे, ही कल्पना अर्थशास्त्रदृष्ट्या आकर्षक खरीच. प्रत्यक्षात मात्र अनेकांच्या वाट्याला येते ते चौकोनाचौकोनांत फुटलेले, धुरकट आणि अडखळणारे चित्र. त्यावर उपाय सुचविला जातो तो अधिक वेगाची, म्हणजेच अधिक दराची, जोडणी घेण्याचा. हे निदान पुष्कळदा चुकीचे ठरते.

चित्र का बिघडते?

१९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा मूळ स्वरूपात पाठवावयाचे झाल्यास दर सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट वाहून न्यावे लागतील. ‘जीफोर्स नाऊ’ ही सेवा या दर्जासाठी २५ मेगाबिटांची जोडणी सुचविते. याचा अर्थ, चित्र शंभराहून अधिक पटींनी आवळूनच पाठविले जाते. आवळताना बहुधा आधीच्या चौकटीहून झालेला बदल तेवढा पाठवितात. त्यामुळे वाटेत काही भाग गळाला, तर त्याचा डाग पुढच्या चौकटींवरही उमटतो.

चित्रपटाची गोष्ट निराळी. त्याचे पुढील काही सेकंद आधीच साठवून ठेवता येतात आणि जोडणी क्षणभर रेंगाळली तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. खेळातील पुढचा क्षण मात्र खेळणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून असतो. जो अद्याप घडलाच नाही, त्याचा साठा करणार कसा? प्रत्येक चौकटीच्या वाट्याला १७ मिलिसेकंदांहून कमी अवधी येतो. अशा वेळी जोडणी डळमळली की सर्व्हर चित्र थांबविण्याऐवजी ते आणखी आवळतो. पडद्यावरील धुरकटपणा हा या तडजोडीचा परिणाम होय.

रांगेतील दोष

ही अस्थिरता पुष्कळदा घरातच जन्म घेते. एकाने मोठी फाईल पाठवावयास घेतली की राउटरमध्ये पॅकेटांची लांबलचक रांग लागते आणि खेळाचे इवलेसे पॅकेट तिच्या शेपटाला उभे राहते. रुंद रस्त्यावरही नाक्याचे नियोजन फसले, तर वाहतूक तुंबावयाचीच. इंटरनेटने हा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. १९८६ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळच असलेले बर्कली येथील विद्यापीठ यांच्यामधील वहन गर्दीमुळे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर कोसळले होते. त्या कोंडीचा अभ्यास करणारे व्हॅन जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्यासह २०१२ मध्ये रांगेतील विलंबावर नियंत्रण ठेवणारी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांगेचे असे नियमन करणारी सोय आज अनेक राउटरांत असते. ती सुरू करून वेगमर्यादा जोडणीच्या प्रत्यक्ष वेगाहून किंचित खाली ठेवली, की मोठा फरक पडू शकतो.

इतर उपायही साधेच आहेत. वाय-फायऐवजी केबल जोडावी. ते शक्य नसल्यास राउटर जवळ ठेवून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. चित्राचा दर्जा आपोआप वरखाली होऊ देण्यापेक्षा तो ७२० वर स्थिर ठेवावा. त्यासाठी १५ मेगाबिट पुरेसे मानले जातात. तथापि सर्व्हरच दूर असेल, तर घरगुती उपाय थिटे पडतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्यात किमान १० मिलिसेकंद खर्ची पडणारच.

जे दिसत नाही, ते विकले जात नाही

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर चांगल्या मालाला योग्य किंमत मिळत नाही व तो बाजारातून मागे सरू लागतो. जोडणीच्या बाजारात नेमके हेच घडते. वेग जाहिरातीत आकड्याने दिसतो. स्थैर्य दिसत नाही. ‘शंभर मेगाबिटपर्यंत’ यातील ‘पर्यंत’ हा शब्द ग्राहकापेक्षा विक्रेत्याच्याच सोयीचा. मग स्थैर्यावर खर्च करणाऱ्या कंपनीला त्याचे मोल कोण देणार?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या सेवादर्जा विनियमांत विलंब, त्यातील चढउतार आणि पॅकेटगळती यांना स्थान दिले, हे योग्यच झाले. परंतु विस्तीर्ण क्षेत्राच्या सरासरीवरून एका घरातील रात्री नऊची स्थिती कळत नाही. गर्दीच्या तासांतील विलंबाचे आकडे वस्तीनिहाय प्रसिद्ध करण्याची आणि ते वेगाशेजारी दरपत्रकात छापण्याची सक्ती व्हावयास हवी.

हा केवळ खेळाचा प्रश्न नव्हे. दूरस्थ तोंडी परीक्षा, नोकरीची मुलाखत, डॉक्टरांचा सल्ला यांतील संभाषणही आगाऊ साठविता येत नाही. खेळातील धुरकट चित्राने फार तर डाव हातचा जाईल. मुलाखतीत मात्र उमेदवाराचे उत्तरच अर्धवट पोहोचेल, आणि त्याचा दोष जोडणीच्या नव्हे, उमेदवाराच्या माथी लागेल.