कवळी, चष्मा आणि तोफगोळे

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इंग्लंडात गरिबाला दातदुखीवर एकच इलाज परवडे : दात उपटणे. काही भागांत तर मुलीचे सगळे दात लग्नाआधीच काढून कवळी बसवून देत. पुढे नवऱ्याला खर्च नको! चष्म्याचीही तीच कथा. वुलवर्थच्या दुकानात मांडलेले चष्मे एकामागून एक नाकावर चढवायचे आणि ज्यातून अक्षर दिसेल तो घेऊन घरी जायचे. १९११च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला, पण दात-डोळे ‘जादा लाभां’त गेले. ज्या विमा संस्थेकडे शिल्लक, तिच्याच सभासदांना ते मिळत.

आधार होता तो शाळकरी मुलांना. १९०७च्या कायद्याने त्यांच्या तपासणीची जबाबदारी स्थानिक शिक्षण खात्यांवर आली आणि त्यातूनच पुढे दातांचे व डोळ्यांचे दवाखाने वाढले. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बच्या भीतीने शहरांतली मुले आगगाडीत बसवून खेड्यांत धाडली. दवाखाना शहरात, दात खेड्यात आणि कित्येक दंतवैद्य लष्करात!

तरीही युद्धकाळात मुलांचे दात सुधारले. श्रेय रेशनचे. जानेवारी १९४० मध्ये साखर, जुलै १९४२ मध्ये गोळ्या-चॉकलेट रेशनवर गेली. नॉर्वेत गुटोर्म टोव्हेरुड यांनी तिथल्या मुलांचे दात तपासून असाच निष्कर्ष काढला. (आपली दात आणि चण्यांची म्हण इथे उलटी लागू पडली.) डोळ्यांना मात्र रेशनचा काय उपयोग? चष्मा करूनच द्यावा लागतो.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. कवळी फुकट, चष्मा फुकट. पहिल्या वर्षात पन्नास लाखांवर चष्मे गेले. टीकाकारांना ती उधळपट्टी वाटली. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला त्यात तुंबलेली जुनी बाकी दिसते. ती कधीतरी एकदम अंगावर येणारच.

मग कोरियाचे युद्ध आले. एप्रिल १९५१ मध्ये अर्थमंत्री ह्यू गेटस्केल यांनी कवळी आणि चष्म्याचा निम्मा भार रुग्णावर टाकला. त्या वर्षी वाचणार होते १ कोटी ३० लाख पौंड. शस्त्रसज्जतेचा तीन वर्षांचा आराखडा ४७० कोटींचा. एवढ्या खर्चाच्या वहीत ही बचत कुठल्या ओळीत लिहायची? या सेवेचे जनक अन्युरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले, पाठोपाठ हॅरल्ड विल्सनही. १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग बसला. १९५३ मध्ये कोरियात युद्धविराम झाला. कवळीवरचा आकार तसाच राहिला.