मोगलीच्या रानातलं पाणी

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा रस्ता कन्हान गावाजवळ नदी ओलांडतो. पुलाखालच्या पाण्याचा माग उलटा काढत गेलं, तर आपण थेट ‘जंगल बुक’मध्ये पोहोचतो! कन्हान नदी छिंदवाड्याकडून सातपुडा उतरून येते. बिना संगमाला तिला पेंच मिळते, आणि पेंच येते ती वाघांच्या जंगलातून, तोतलाडोह धरण ओलांडून. पुढे आंभोऱ्याजवळ कन्हान वैनगंगेत मिसळते, जिचा उगमच शिवनी जिल्ह्यात आहे. रुडयार्ड किपलिंगचा मोगली याच शिवनीच्या टेकड्यांत लांडग्यांच्या कळपात वाढला आणि याच वैनगंगेत पोहला. कन्हानचं पाणी नागपूरच्या नळांनाही येतं. म्हणजे कितीतरी मुलं मोगलीच्या मुलखातलं पाणी रोज पितात!

किपलिंगचा जन्म 1865 मधला, मुंबईचा. पण ‘जंगल बुक’ (1894) आणि त्याचा दुसरा भाग (1895) त्यानं लिहिला तो अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये. शिवनीचं रान त्यानं स्वतः पाहिलेलं नव्हतं, असं अभ्यासक सांगतात. मग इतका बारकावा आला कुठून? मध्य प्रांतात राहिलेल्या रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल यांनी सातपुड्यातल्या मुक्कामांवर 1877 मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं. किपलिंगनं त्याचा आधार घेतला. एकानं डोळे उघडे ठेवून टिपलेलं रान दुसऱ्यानं सातासमुद्रापलीकडे बसून जिवंत केलं.

आता गोष्टीतलं रान खऱ्या रानाशेजारी ठेवून पाहा. दुष्काळात वैनगंगा आटते, पात्रातला एक खडक उघडा पडतो आणि पाण्यावर शिकार न करण्याचा तह सुरू होतो, असं किपलिंग सांगतो. उन्हाळ्यात पेंचचं पात्रही तुटत जातं आणि मागे डोह उरतात. वाघ, चितळ, गवे त्याच डोहांवर येतात. तह मात्र नसतो. चितळ दोन घोट घेतं, मान वर करतं, कान फिरवतं, पुन्हा दोन घोट घेतं. वाघ दिसताच झाडावरचं वानर खकारतं आणि काठ क्षणात रिकामा होतो. तहानेपेक्षा मोठी भीती आणि भीतीपेक्षा मोठी तहान, दोन्ही एकाच काठावर दिसतात.

दुसरा प्रसंग रानकुत्र्यांचा, म्हणजे कोळसुंद्यांचा. मोगली त्यांच्या टोळीला चिडवून वैनगंगेच्या कड्यावर आणतो, तिथल्या मधमाश्या उठवतो आणि स्वतः नदीत उडी घेतो. हे निव्वळ कल्पनेतलं नाही. आग्या मोहोळाच्या एका माशीनं डंख मारला की तिथे एक वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या माश्या तुटून पडतात. कोळसुंद्यांवर मात्र गोष्टीनं अन्याय केला. दाट झाडीत शीळ घालून ते एकमेकांचा ठाव घेतात, आणि शिकार झाल्यावर आधी पिल्लांना खाऊ देतात!

मोगलीच्या बल्लू अस्वलाचं खरं रूप तर गोष्टीहून अजब. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. ते वारूळ फोडतं, नाकपुड्या मिटतं, ओठ लांबवतं आणि त्या फटीतून वाळवी सूंऽऽ करत ओढून घेतं. पिल्लं आईच्या पाठीवर बसून रान पाहतात.

किपलिंगच्या गोष्टीत गोंड शिकारी येतात आणि लगेच निघूनही जातात. रान सर्वांत जास्त कळलेली माणसं गोष्टीच्या कडेलाच राहिली. मारुती चितमपल्ली यांनी मात्र नवेगावबांधला जंगलातल्या माणसांकडून शिकत मराठीत रान आणलं. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांनाच नायक केलं. मुलांसाठी अशा गोष्टी आणखी हव्यात, आणि त्या इथूनच याव्यात.

त्यासाठी लागणारं साहित्य तयार आहे. कन्हानवरूनच जाणारा महामार्ग देवलापारपुढे, पेंचच्या जंगलात, खांबांवर उचलला आहे. वरून ट्रक धावतात आणि खालून वाघ आणि कोळसुंदे रस्ता पार करतात. तिथल्या कॅमेऱ्यांनी त्यांना टिपलंही आहे. किपलिंगला स्वप्नातही सुचला नसता असा हा प्रसंग! तो लिहायला व्हरमाँटमध्ये बसायची गरज नाही. कन्हानच्या मुलांना त्यासाठी शंभर किलोमीटरही जावं लागणार नाही.