नागपूरहून नाताळात इमॅजिका

खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. नाताळात तिथे तोबा गर्दी उसळते, म्हणून एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको. पार्कला लागूनच हॉटेल आहे; दोन रात्री काढा. दुपारी मुलं पेंगुळली की खोलीवर नेऊन निजवता येतात. मोठ्या राइड्स दार उघडताच, जेवण बाराच्या आत.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २४ डिसेंबरसाठी २५ ऑक्टोबरलाच. विदर्भ एक्स्प्रेसने संध्याकाळी निघून पहाटे कल्याण, पुढे खोपोली लोकल. या लोकल मोजक्याच, वेळापत्रक आधी पाहावं. कारने जायला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे खरा, पण लहानग्यांना बर्थवर झोप लागते, कारमध्ये ती कंटाळतात. नागपूरच्या थंडीचा स्वेटर प्रवासापुरता ठेवा. खोपोलीत दुपारी सुती कपडेच बरे.