नेम नेमबाजाचा चुकला की रायफलचा?

‘नळीपासून लक्ष्यापर्यंत’ : लेखांक ५

धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात जुन्या तोफा आजही पाहायला मिळतात. विजापूरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ १६३२ मध्ये इथूनच तिकडे गेली. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेल्या या तोफेसारख्या तोफांची नळी आतून गुळगुळीत असे. गोळा आत सहज सरकावा म्हणून तो नळीपेक्षा किंचित लहान ठेवत. बार उडाला की तो नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का लागेल तसा भरकटे.

रायफलने ही मोकळी जागाच संपवली. नळीतले पिळदार आटे गोळीला घट्ट धरतात आणि फिरवत बाहेर सोडतात. तरीही चांदमारीवर गोळ्या विखुरतात. अर्ध-स्वयंचलित रायफलीत तर त्याची कारणं आणखी वाढतात.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद पटकावलं. स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्य जिंकलं. या प्रकारांत प्रत्येक काडतूस हातानेच भरायचं असतं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तिथे मात्र अर्ध-स्वयंचलित पिस्तूल चालतं. बार झाला की रिकामं कवच बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस आत ढकलणं, ही कामं यंत्रच करतं.

पॉइंट टू-टू बोअरच्या बहुतेक अर्ध-स्वयंचलित रायफलींमध्ये बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच तो बंद राहतो. काजळी आणि गोळीवरचं मेण चेंबरमध्ये साचलं, की बोल्ट एखाद्या वेळी केसभर उघडा राहतो. शिवाय मॅगझिनमधून वर येताना शिशाचं मऊ टोक धातूच्या उतारावर घासतं. टवका उडालेली गोळी फिरताना डोलते.

दोष शोधताना आधी लक्ष्याचा कागद नीट पाहावा. भोकं एका जागी दाट पडली असतील, पण मध्यापासून दूर, तर रायफल निर्दोष आहे; साइट फिरवली की काम झालं. भोकं विखुरली असतील तरच पुढचा तपास.

हा तपास मॅगझिन काढून, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहूनच सुरू होतो. सर्वांत आधी स्क्रू: दुर्बिणीच्या पट्ट्यांचे आणि यंत्रणा दस्त्याला आवळणारे. बरेचदा दुखणं इथेच सापडतं. मग नळीचं तोंड. तिथे बारीकसा ओरखडा असला तरी वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. नळी दस्त्याला कुठे घासत असेल, तर ती तापेल तसा मारा सरकतो.

त्यानंतर एक सोपी चाचणी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पाच गोळ्या मॅगझिनमधून आणि पाच हाताने एकेक भरून झाडाव्यात. एका जोडीवर निकाल ठरवू नये. चाचणी तीन-चारदा करावी. दरवेळी हाताने भरलेल्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, लहान आला, तर संशय मॅगझिनवर आणि त्या उतारावर. दोन्ही सारखेच पसरले, तर दुर्बीण बदलून पाहावी. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

शेवटी काडतूस. गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटरवरून ३२० वर आला, तर ५० मीटरवर ती सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते. तिथलं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं. मराठवाड्याच्या मे महिन्यात काडतुसांचा एक डबा उन्हात आणि दुसरा सावलीत ठेवला, तर वेग असा बदलू शकतो. एकाच कंपनीचं काडतूसही लॉट बदलला की वेगळं वागतं. म्हणून अव्वल नेमबाज एली किंवा लापुआसारख्या उत्पादकांच्या चाचणी-रेंजवर रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि सर्वांत दाट ग्रुप देणारा लॉट खोक्यांनी विकत घेतात.

(पुढील आठवड्यात : नळीची सफाई किती आणि केव्हा)