भोंगा वाजल्यानंतरची मिनिटं

सुपा हे गाव आता उरलंय ते धरणाच्या नावात. कर्नाटकातल्या काळी नदीवरचं 101 मीटर उंचीचं धरण 1987 मध्ये पूर्ण झालं. जुनं सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याचा कारभार जोयड्याला हलला आणि विस्थापितांची वसाहत रामनगरला झाली. कोयनेच्या जलाशयात 105 टीएमसी पाणी मावतं, सुपाच्या जलाशयात सुमारे 147. त्याच्या खाली गणेशगुडी, दांडेली, मग कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणं, कैगाचा अणुवीज प्रकल्प आणि शेवटी कारवार. 2019 च्या ऑगस्टमध्ये कद्र्यातून पाणी सुटलं आणि नदीकाठची गावं जलमय झाली. अशा खोऱ्यात आपत्ती व्यवस्थापन म्हटलं की भोंगे, बोटी आणि नियंत्रण कक्ष डोळ्यांसमोर येतात. हे सगळं हवंच. पण भोंगा ऐकल्यावर माणूस पहिल्या काही मिनिटांत काय करतो, यावर बरंच अवलंबून असतं आणि ती मिनिटं शाळेत घडवता येतात.

अमेरिकी पत्रकार अमांडा रिप्ली यांची दोन पुस्तकं एकत्र वाचली की हा दुवा लक्षात येतो. 2008 मधल्या ‘द अनथिंकेबल’मध्ये त्यांनी आपत्तीतून वाचलेल्यांच्या मुलाखती आणि संशोधन यांची सांगड घातली. त्यातून दिसतं की संकटात बहुतेक माणसं सैरावैरा पळत सुटत नाहीत. उलट ती रेंगाळतात. आधी ‘काही झालं नसेल’ म्हणतात, मग शेजाऱ्याकडे बघतात, सामान आवरतात. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमधून जिवंत बाहेर पडलेल्यांनी जिन्याकडे निघायला सरासरी सहा मिनिटं घेतली होती. याउलट त्याच मनोऱ्यांतल्या मॉर्गन स्टॅन्ली कंपनीचे सुरक्षाप्रमुख रिक रेस्कोर्ला यांनी तिथल्याच 1993 च्या बॉम्बस्फोटापासून कर्मचाऱ्यांना वारंवार जिने उतरायला लावलं होतं. कुरकुर व्हायची, कामाचा खोळंबा व्हायचा. त्या दिवशी ‘जागेवरच थांबा’ अशी सूचना होत असताना ते कर्णा घेऊन लोकांना खाली पाठवत राहिले. सुमारे 2,700 जणांपैकी 13 दगावले. रेस्कोर्ला त्या 13 जणांत होते.

दुसरं पुस्तक, 2013 चं ‘द स्मार्टेस्ट किड्स इन द वर्ल्ड’, फिनलंड, दक्षिण कोरिया आणि पोलंडमध्ये शिकायला गेलेल्या तीन अमेरिकी मुलांच्या नजरेतून शाळांकडे बघतं. कोरियातल्या रात्री उशिरापर्यंतच्या शिकवण्यांचं कौतुक रिप्ली करत नाहीत. त्यांचा भर वेगळ्या गोष्टीवर आहे: मुलांना अवघड काम झेपतं, असं मोठ्यांनी मनापासून मानलं की मुलं अनोळखी प्रश्नालाही हात घालतात. पहिल्या पुस्तकातली तक्रारही याच जातीची आहे. लोक घाबरतील या धास्तीने अधिकारी माहिती दडवतात आणि ऐनवेळी माणसं अंधारात चाचपडतात. याउलट 2004 च्या त्सुनामीत थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीने फेसाळणाऱ्या समुद्राचा अर्थ ओळखला, कारण दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिला तो शिकवला होता. तिच्या आरडाओरड्यामुळे किनारा रिकामा झाला.

यावर पहिला आक्षेप चेंगराचेंगरीचा. गर्दी बिथरत नाही, तर 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर 23 माणसं कशी गेली? तो पूल अरुंद होता, पाऊस कोसळत होता, गाड्यांमधून माणसं येतच होती. एका मर्यादेपलीकडे गर्दी दाटली की भित्रा आणि धीट दोघेही सारखेच चिरडले जातात. तो दोष पुलाच्या रुंदीचा, लोकांच्या स्वभावाचा नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सराव शिकवणं म्हणजे सरकारची जबाबदारी लोकांच्या गळ्यात मारणं. 16 जुलै 2024 ला अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर दरड कोसळली, तेव्हा रस्त्याकडेच्या टपरीवर असलेल्यांना कोणत्या सरावाने वाचवलं असतं? बहुधा कोणत्याच नाही. खोदलेला डोंगर सावरणं हे सरकारचं आणि अभियंत्यांचंच काम. मात्र उतार कसा सुटतो हे शिकलेली मुलं उद्या ग्रामसभेत त्याबद्दल प्रश्न विचारतील. जाणता नागरिक सरकारला मोकळं सोडत नाही, उलट जास्त अडचणीत आणतो.

शाळांवर आधीच बोजा आहे, हा तिसरा आक्षेप. पण यासाठी नवा विषय लागत नाही. भूगोलाच्या तासाला काळीचं खोरं काढावं, आपलं घर नदीपात्रापासून किती उंच आहे ते मोजावं, भोंगा वाजला तर कोणत्या वाटेने, किती वेळात, आजीला कोणी धरून वर जायचं हे ठरवावं आणि मग ती वाट प्रत्यक्ष चालावी. मैदानात रांग लावून फोटो काढणं हा सराव नव्हे. 30 डिसेंबर 2021 पासून लागू झालेल्या धरण सुरक्षा कायद्यानुसार जुन्या धरणांचे आपत्कालीन कृती आराखडेही पाच वर्षांत तयार व्हायला हवेत. काळीकाठच्या शाळांमध्ये तो आराखडा कन्नड, मराठी आणि कोकणीत पोचला, मुलांनी तो तपासला, त्यातल्या चुका दाखवल्या, तरच त्याला आराखडा म्हणता येईल. कपाटातल्या फायलीला पूर आल्याचं कळत नसतं.